स्टुटगार्ट की कर्वेनगर: एका एक्सेल शीटचं प्रकरण

जानेवारी २०२४ मध्ये बाबा नेहमीप्रमाणे सकाळी फिरायला गेले आणि फुटपाथवर वर आलेल्या एका पेव्हर ब्लॉकला ठेचकाळून पडले. खुब्याचं हाड मोडलं. वय ७६. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, सहा दिवस हॉस्पिटल, पुढे दोन महिने वॉकर. धाकटा भाऊ तिसऱ्या दिवशी जर्मनीहून विमानाने पोचला, दहा दिवस राहिला आणि परत गेला. फेब्रुवारीत एका रविवारी त्याचा फोन आला : "ताई, आम्ही परत यायचा विचार करतोय. तू कॉस्टिंगवाली आहेस, नीट मांडून दे. तिथे आणि इथे. भावना बाजूला ठेवून."

मी कॉस्ट अकाउंटंट आहे. चाकण, भोसरीच्या कारखान्यांना उत्पादनखर्चाचे तक्ते करून देणं हा माझा धंदा. एक सुटा भाग इथे बनवायचा की बाहेरून घ्यायचा, हे मी रोज मांडते. पण घरचं प्रकरण मांडायला बसले तेव्हा एक गोष्ट आधीच कबूल करायला हवी होती, ती मी केली नाही. या प्रकरणात मी तटस्थ नव्हते. आईबाबांच्या घरापासून पंधरा मिनिटांवर राहणारी मी आहे.

आधी माणसं. भाऊ ४१ वर्षांचा, २०१७ पासून स्टुटगार्टजवळच्या गावात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. भावजय हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची, तिकडे जर्मन शिकून आठवड्याला २० तासांची नोकरी करते. भाची सहा वर्षांची, सप्टेंबरमध्ये पहिलीत जाणार. निर्णयाची घाई तिच्यामुळेच होती. एकदा तिकडची शाळा सुरू झाली की मराठी वाचण्याचं आणि इथल्या शाळेत बसण्याचं अंतर दर वर्षी वाढत जातं. इकडे पुण्यात, कर्वेनगरच्या जुन्या फ्लॅटमध्ये आई ७१ वर्षांची, आणि बाबा.

तिकडची कमाई : भावाचे हातात येणारे ४,१०० युरो, भावजयीचे ११००, आणि मुलीमागे सरकार तेव्हा द्यायचं ते २५० युरोंचं 'किंडरगेल्ड'. एकूण ५,४५०. हीटिंग धरून घरभाडं १,४५०, बालवाडी २६०, किराणा ७५०, गाडी आणि प्रवास ४५०, विमा, इंटरनेट आणि टीव्ही असो-नसो प्रत्येक घराला भरावी लागणारी १८.३६ युरोंची प्रसारण फी धरून २००, भारतवारीसाठी बाजूला ३००, किरकोळ ४४०. शिल्लक १,६००. तेव्हाच्या ९० रुपयांच्या भावाने १ लाख ४४ हजार.

इकडची : पुण्यातल्या एका कंपनीने ३८ लाखांचं पॅकेज देऊ केलं होतं. हातात महिना सव्वादोन लाख. भावजयीच्या रकान्यात शून्य, कारण अर्धवेळ नोकरी तिच्या क्षेत्रात इथे मिळेना आणि पूर्णवेळ म्हणजे सकाळी आठ ते रात्री आठ. बाणेरला फ्लॅटचं भाडं ४८ हजार, सोसायटीचा मेंटेनन्स साडेसहा हजार (उन्हाळ्यात टँकर लागतात, म्हणून एवढा), शाळा १६ हजार, व्हॅन ३ हजार, गाडीचा हप्ता आणि पेट्रोल २८ हजार, किराणा ३० हजार, आईबाबांचा विमा आणि औषधं १५ हजार, मावशी आणि पोळ्यांच्या बाई मिळून ८ हजार, किरकोळ साडेपंधरा. शिल्लक ५५ हजार.

१ लाख ४४ हजार विरुद्ध ५५ हजार. पण हा हिशेब कोणीही शिकलेला माणूस असा सोडत नाही. बँकेच्या भावाने युरोचे रुपये करणं म्हणजे तिथल्या माणसाला इथल्या मंडईत भाजी घ्यायला लावणं. तो खर्च तिथे करतो, तिथल्या किमतीला. त्यासाठी क्रयशक्तीचा दर वापरतात. जागतिक बँकेच्या हिशेबात अमेरिकेत एका डॉलरला जेवढं मिळतं तेवढं भारतात साधारण २० रुपयांत आणि जर्मनीत साधारण पाऊण युरोत, नेमकं ०.७२ युरोत मिळतं. ०.७२ युरो बरोबर २० रुपये, म्हणजे एक युरो ९० रुपयांचा नाही, जेमतेम २८ रुपयांचा. या दराने भावाचे ५,४५० युरो म्हणजे दीड लाख रुपये, पुण्यातल्या सव्वादोन लाखांपेक्षा कितीतरी कमी. १,६०० युरोंची शिल्लक ४५ हजारांवर येते आणि पुणे दहा हजारांनी पुढे जातं.

तेच आकडे, दर बदलला की उत्तर उलटं. भावाला दोन्ही पाठवले. तो म्हणाला, "म्हणजे नक्की काय?"

मलाही तेच विचारायचं होतं. म्हणून मी जे कारखान्यात करते ते केलं : स्वस्ताई नेमकी कुठून येते, ते ओळीओळीने बघितलं. मोबाइलचा हँडसेट इथे स्वस्त नाही. गाडी, लॅपटॉप, विमानाचं तिकीट, काहीच २८ रुपयांच्या दराने मिळत नाही. पेट्रोल तेव्हा पुण्यात लिटरला शंभरच्या वर होतं, तिकडे दीडशेच्या वर. फरक आहे, पण तिपटीचा नाही. तिपटीचा आणि दहापटीचा फरक दिसतो तो जिथे माणसाचे हात लागतात तिथे. केस कापणं, इस्त्री, शिकवणी, घरी येऊन रक्त घेऊन जाणारा लॅबचा मुलगा, ड्रायव्हर, मावशी. त्या २८ रुपयांच्या दरात या सगळ्यांची मजुरी भरलेली आहे.

आईकडे केर-फरशी आणि धुणं-भांडी करणाऱ्या मावशी रोज दीड तास येतात. महिन्याचे खाडे वजा जाता ३९ तास, पगार साडेतीन हजार. तासाला ९० रुपये. योगायोग असा की तेव्हा युरोचा भावही नव्वदच होता. जर्मनीत १ जानेवारी २०२४ पासून किमान वेतन तासाला १२.४१ युरो झालं होतं, म्हणजे १,११७ रुपये. गंमत म्हणून मी बाणेरच्या घरातल्या मावशींना आणि पोळ्यांच्या बाईंना (रोज एक तास) जर्मन दराने पगार लावून बघितला. आठ हजारांचे साडेबहात्तर हजार झाले. पुण्याची ५५ हजारांची शिल्लक गेली आणि वर साडेनऊ हजारांची तूट आली.

ही ओळ मी शीटमध्ये पिवळी करून ठेवली. भावाने फोनवर विचारलं, "ही कशाला? आपण थोडेच एवढा पगार देणार आहोत?" बरोबर आहे. देणार नाही, म्हणूनच पुणे परवडतं.

तिकडे ही ओळच नाही. भांडी भाऊ घासतो, व्हॅक्यूम भावजय फिरवते, इस्त्री कोणी करत नाही. स्टुटगार्टच्या त्या श्वाबेन मुलुखात एक जुनी रीत आहे, 'केरवोखं'. इमारतीचा जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने एकेका घराकडे येते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. 'केरन' म्हणजे त्यांच्या भाषेत झाडणं. आमचा केर आणि त्यांचं केरन यांचा नातेसंबंध असेल-नसेल, पण इंजिनिअर असलेला माझा भाऊ दर काही आठवड्यांनी शनिवारी जिना पुसतो, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी नंतर कोपऱ्यात बोट फिरवून बघतात. भावजय मला म्हणाली, "तिथे हा भांडी घासतो. पुण्यात आला की चौथ्या दिवशी विसरतो. तुमच्या शीटमध्ये हे कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. तिचं म्हणणं पुढेही होतं. ती तिथे अर्धवेळ का होईना नोकरी करते, साडेतीनला मुलीला बालवाडीतून आणते. बालवाडीत माणसं कमी आहेत म्हणून कधी दुपारी दोनलाच घेऊन जा असा निरोप येतो, तेव्हा नवराबायकोपैकी ज्याची मीटिंग फालतू तो पळतो. वैताग आहे, पण वैताग दोघांचा आहे. पुण्यात ती आधी सून असणार, मग बाकी सगळं. मी तिची नणंद, त्यामुळे हे ऐकताना मला जरा झोंबलं. पण खोटं नव्हतं.

मार्च महिन्यात संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास अहवाल आला. जर्मनी सातवा, भारत १३४वा. बाबांनी पेपरात वाचलं आणि वॉकरवर रेलून म्हणाले, "१३४व्या नंबरच्या देशात माझं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. सातव्या नंबरवाल्यांनी तुझ्या भावाला गुडघा दाखवायला सात आठवड्यांनंतरची तारीख दिलीये." हेही खरं. पुण्यात पैसे असतील तर संध्याकाळी एमआरआय होतो. तिकडे स्पेशालिस्टची वेळ मिळवणं हा एक छंदच आहे.

पण बाबांनी अर्धंच सांगितलं. उरलेलं माझ्याकडे फाइलमध्ये आहे. भरती करण्याआधी डिपॉझिट. बिल ३ लाख ४२ हजार, विम्याने मंजूर केले २ लाख ६१ हजार. डिस्चार्ज सकाळी दहाला लिहिला गेला आणि विमा कंपनीची मंजुरी रात्री साडेआठला आली, तोवर बाबा कपडे करून कॉटवर बसून होते. त्या विम्याच्या हप्त्यावर तेव्हा १८ टक्के जीएसटी होता. २०२० मध्ये भावाचं पित्ताशय काढलं, तेव्हा तो चार दिवस हॉस्पिटलमध्ये होता. त्याला भरावे लागले ४० युरो, दिवसाला दहाप्रमाणे. वर्षात २८ दिवसांच्या वर तेही घेत नाहीत. अर्थात हे फुकट नाही, दर महिन्याला त्याच्या पगारातून चारशेच्या वर युरो आरोग्यविम्याला जातात, आणि जवळपास तेवढेच कंपनी भरते. भारतात आरोग्यावरच्या एकूण खर्चातला साधारण ३९ टक्के भाग २०२१-२२ मध्ये लोकांनी थेट खिशातून केला होता. जर्मनीत हा वाटा बाराच्या आसपास असतो. सहा दिवस हॉस्पिटलच्या कॅश काउंटरवर उभं राहिलेल्या माणसाला तो ३९चा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

मुलीच्या शाळेचा मुद्दा मला वाटलं होतं लांबेल, पण तो पाच मिनिटांत संपला. तिथे पहिलीतली मुलं शाळेत चालत जातात, सुरुवातीचे दिवस आईबापाबरोबर आणि मग एकटी किंवा दोघी-तिघी मिळून. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार माणसं गेली, जर्मनीत २,७८८. लोकसंख्येच्या प्रमाणात बघितलं तरी आपला आकडा त्यांच्या साडेतीनपट. बाणेरमध्ये सहा वर्षांच्या मुलीला एकटीने रस्ता ओलांडू देणारा बाप मला अजून भेटायचा आहे. मात्र तिथे चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या वाटांच्या शाळांमध्ये विभागली जातात, आणि घरात जर्मन न बोलणाऱ्या मुलीचं तेव्हा काय होईल ही धास्ती भावाला आहे. पाण्याचं मी लिहीतच नव्हते, पण भाचीने आठवण करून दिली. पुण्यात आली की ती नळाला तोंड लावायला जाते आणि सगळे ओरडतात. स्टुटगार्टच्या भागाला बोडेनसे सरोवराचं पाणी १९५८ पासून लांबच्या नळाने येतं. पुण्याला चार धरणं आहेत आणि बाणेरला टँकर आहे.

आता मुख्य अडचण. हे सगळं आईबाबांसाठी चाललं होतं, तर आईबाबांनाच तिकडे का नेऊ नये? जर्मनीने १ मार्च २०२४ पासून कायदा बदलून कुशल कामगारांना आईवडिलांना कायमचं आणायची मुभा दिली, अगदी आमची चर्चा चालू असतानाच. भावाने उत्साहाने वाचलं आणि दुसऱ्या परिच्छेदात अडखळला. ज्याचा कामाचा परवाना १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर पहिल्यांदा मिळालाय त्यालाच ही सोय. हा २०१७ चा. सात वर्षं कर भरलेला माणूस बाहेर आणि काल आलेला आत. शिवाय आरोग्यविम्याची अट होतीच, आणि ५५ वर्षांपुढच्या, बाहेरून आलेल्या माणसाला तिथला सार्वजनिक विमा जवळपास बंद असतो. उरतो पाहुण्यांचा व्हिसा, १८० दिवसांत ९०. आईने एकदा ते नव्वद दिवस काढलेत. "चांगलं आहे सगळं," ती म्हणते, "पण रविवारी दुपारी एवढं शांत होतं की कान किर्र करतात. मिक्सर लावू का, तर नात म्हणते, आजी, आज आवाज नाही करायचा."

एप्रिलमध्ये मी शीट शेवटची तपासायला घेतली आणि तेव्हा मला दुसरा रकाना दिसला, जो मी ठेवलाच नव्हता. माझा. बाबा पडल्यापासून मी किती वेळ तिकडे घालवते ते तीन आठवडे डायरीत लिहिलं : फिजिओथेरपिस्टच्या वेळा, औषधं, बँक, विम्याच्या उरलेल्या क्लेमचे कागद, रात्री आईचा फोन आला की जाणं. आठवड्याला सरासरी ११ तास. मी क्लायंटला लावते त्या तासाला दीड हजाराच्या फीने महिन्याला ७१ हजार होतात. भाऊ स्टुटगार्टमध्ये १,६०० युरो शिल्लक टाकतो, त्याला या रकान्याचा टेकू आहे. फॅक्टरीत अशा खर्चाला आम्ही छुपा खर्च म्हणतो आणि मालकाला तो दाखवला की मालक चिडतो.

भाऊ चिडला नाही. खूप वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तू हे पैशात का मांडलंस?" मी म्हटलं, "तूच म्हणालास, भावना बाजूला ठेव."

जूनमध्ये ठरलं. ते परत आले नाहीत. भाची सप्टेंबरमध्ये तिकडच्या पहिलीत गेली, हातात तो त्यांचा खाऊ-खेळण्यांनी भरलेला कागदी शंकू घेऊन. भावाने मात्र एक केलं. तिथे २०१९ पासून असा कायदा आहे की ४५ पेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीत एक ते पाच वर्षांसाठी कामाचे तास कमी करून घेता येतात आणि मुदत संपली की पूर्वीच्या तासांवर परत जाण्याचा हक्क असतो. याला ते पूल-अर्धवेळ म्हणतात. भावाने दोन वर्षांसाठी आठवड्याचे चार दिवस घेतले. पगार घटला, शिल्लक हजाराच्या खाली आली. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, तो आईबाबांची कागदपत्रं, बँक, विमा, डॉक्टरांचे व्हिडिओ कॉल बघतो. वर्षाच्या ३० सुट्ट्यांपैकी बऱ्याचशा दोन हप्त्यांत पुण्यात काढतो आणि त्या दिवसांत मी कर्वेनगरला पाऊल ठेवत नाही, हा आमचा करार आहे.

आणि आईबाबांकडे ब्यूरोमार्फत चोवीस तासांच्या मावशी ठेवल्या. महिना २५ हजार. पुण्यातल्या पगारातून हा आकडा जड गेला असता. स्टुटगार्टहून तो २८० युरो. इथे क्रयशक्तीचा दर लागत नाही, बँकेचा लागतो, कारण कमाई युरोत आणि खर्च पुण्यात. म्हणजे पिवळ्या ओळीतून आम्ही सुटलो नाही, उलट तिच्यावरच उभे राहिलो. जर्मन लोक यातून सुटलेत असंही नाही. तिथे म्हाताऱ्यांच्या घरी राहून सेवा करायला पोलंड, रोमानिया, बल्गेरियातून बायका येतात. अशाच एका बल्गेरियन बाईने खटला भरला, तेव्हा २०२१ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने निकाल दिला की रात्री हाकेच्या अंतरावर थांबण्याच्या तासांनाही किमान वेतन द्यावं लागेल. हा निकाल मी भावाला पाठवला. त्याने दोन दिवस उत्तर दिलं नाही.

मग त्याने सुट्टीचा विषय काढला. ब्यूरोच्या नियमात महिन्याला दोन सुट्ट्या, त्यावर गेल्या तर पगार कापायचा. भाऊ म्हणाला, वर्षाला तीस दिवस भरपगारी द्या, मला मिळतात तेवढे. ब्यूरोचा माणूस म्हणाला, साहेब, असं केलंत तर दुसऱ्या घरांतल्या बायका ऐकणार नाहीत. आई म्हणाली, "आणि मी त्या दिवशी यांना उठवू कशी?" व्हिडिओ कॉलवर तासभर घासाघीस झाली. मावशी मागे स्वयंपाकघरात होत्या, त्यांना सगळं ऐकू येत होतं. मध्येच कुकरची शिट्टी झाली आणि त्यांनी गॅस बारीक केला. शेवटी ठरलं महिन्याला चार दिवस, पगार न कापता, ब्यूरोला न सांगता. दर दुसऱ्या शनिवारी त्या धाराशिवच्या एसटीत बसतात आणि सोमवारी पहाटे परत येतात.

त्या चार दिवसांना मी जाते. शीटमधला माझा रकाना आहे अजून, आठवड्याला अकराच्या जागी सहा तास झालेत.